शब्दांची ओळख : ‘भोगणे’ आणि ‘आहारी जाणे’



शाळेच्या दर्शनी भिंतीवर मोबाइलविषयी एक सुविचार रंगवून घ्यावा, असे सर्वांनी ठरवले. सभेत तीन वाक्ये सुचवली गेली. पहिले, ‘मोबाइलच्या आहारी जाऊ नका.’ दुसरे, ‘मोबाइलचा नाद सोडा.’ तिसरे एका आईने सुचवले, ‘मुलांचे मोबाइलचे लाड पुरवू नका.’ मग यांतले कोणते घ्यायचे यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी सर्वांनी आमच्याकडे, म्हणजे भाषा शिकवणाऱ्यांकडे बघून विचारले, ‘यातले बरोबर कोणते ते तुम्हीच सांगा.’

व्याकरणाने तिन्ही बरोबर आहेत, पण तिन्हींचा अर्थ एक नाही. पहिले वाक्य अजून सावध असलेल्याला सांगते, दुसरे अडकलेल्याला सांगते आणि तिसरे मुलांशी बोलतच नाही, ते पालकांशी बोलते. त्या दिवशी हे आम्हाला नीट सांगता आले नाही. म्हणून हा लेख लिहीत आहोत.

एक इंग्रजी शब्द, मराठीत अनेक

नववीच्या इंग्रजीच्या तासाला ‘इंडल्ज’ हे क्रियापद आले. मनाच्या इच्छेपुढे, सुखाच्या ओढीपुढे मान तुकवणे, असा त्याचा साधारण अर्थ. इंग्रजीत बाप मुलाला इंडल्ज करतो, कोणी मिठाईत इंडल्ज करतो आणि कोणी दारूतही इंडल्ज करतो. शब्द तोच राहतो. आमच्या एका विद्यार्थ्याने शब्दकोश पाहून भाषांतर केले, ‘वडिलांनी मुलात चैन केली.’ वर्ग हसला. पण चूक त्या मुलाची एकट्याची नव्हती. इंग्रजी शब्दाला मराठीचा एकच शब्द जोडून द्यायची सवय आम्हीच मुलांना लावली आहे.

मराठी माणूस हे एका शब्दात सांगत नाही. तो आधी पाहतो की इच्छा कोणाची, ती पुरवतो कोण आणि ती पुरवल्यावर संपते की वाढते. त्याप्रमाणे आपले शब्द तीन गटांत बसतात.

पहिला गट : करणारा मी. ‘आम्ही जत्रेत पाळण्यात बसायची हौस भागवली.’ ‘मामांनी चार दिवस चैन केली.’ ‘आजीने नातवाचे लाड पुरवले.’ येथे माणूस कर्ता आहे. त्याने ठरवले, केले आणि ते झाले. ‘भागवणे’ हा शब्द पाहा. तहान भागते, भूक भागते, तशी हौस भागते. भागली म्हणजे संपली. ‘हौस फिटली’ असेही आपण म्हणतो. कर्ज फिटते, तशीच हौस फिटते.

दुसरा गट : इच्छाच कर्ता. ‘त्याला पत्त्यांचा नाद लागला.’ ‘मला गोडाची चटक लागली.’ ‘काकांना तंबाखूची तलफ आली.’ या वाक्यांत कर्ता शोधा बरे. लागला कोण? नाद. आली कोण? तलफ. माणूस मात्र ‘त्याला’, ‘मला’, ‘काकांना’ असा चतुर्थीत, एका बाजूला उभा आहे. भूक लागते, झोप लागते, ताप येतो, तशीच ही वाक्ये बनतात. येथे माणूस काही करत नाही, त्याला काहीतरी होते.

तिसरा गट : माणूस चालत जातो. ‘तो वाईट मित्रांच्या नादी लागला.’ ‘ती भिशीच्या भरीस पडली.’ ‘तो जुगाराच्या आहारी गेला.’ येथे माणूस पुन्हा कर्ता झाला, पण कसा? जाणारा, पडणारा, दुसऱ्याच्या ताब्यात स्वतःला देणारा.

‘नाद लागणे’ आणि ‘नादी लागणे’ यांत एका वेलांटीचा फरक दिसतो, पण अर्थ पुष्कळ बदलतो. ‘त्याला नाद लागला’ यात नाद येऊन चिकटला. ‘तो नादी लागला’ यात तो स्वतः जाऊन चिकटला. आणि नाद नेहमी वाईटच असतो असे नाही. वाचनाचा नाद, भजनाचा नाद, शेतीचा नाद लागलेली माणसे आपल्या गावात आहेत, आणि आपण त्यांच्याविषयी कौतुकानेच बोलतो. ‘आहारी जाणे’ मात्र कधी चांगल्या अर्थाने वापरत नाहीत. ‘तो वाचनाच्या आहारी गेला’ असे कोणी म्हणाले, तर त्याने घरदार सोडले की काय, असे वाटते.

‘भोगणे’ : दोन्ही बाजूंचा शब्द

आता या सगळ्यांतला जुना आणि मोठा शब्द घेऊ. तो म्हणजे ‘भोगणे’. हा शब्द ‘भुज्’ या संस्कृत धातूपासून आला. भुज् म्हणजे खाणे आणि त्याचबरोबर उपभोग घेणे. भोजन, भोग, उपभोग, भुक्त ही सगळी त्याच घरातली भावंडे. म्हणजे जेवणे आणि सुख घेणे यांचे मूळ एकच आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण भोगी करतो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि हरभरा, वांगी, गाजर, घेवडा अशी हिवाळ्यात मिळेल ती सगळी भाजी एकत्र केलेली. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे मोठी माणसे म्हणतात. म्हणजे आपल्या परंपरेत भोगायचे दिवस ठरवून दिलेले आहेत, आणि त्या दिवशी न भोगणाऱ्याला नावे ठेवली जातात. मार्गशीर्षातल्या येळवसेलाही तेच. सगळे गाव शेतात जाते. भज्जी, आंबील, उंडे पोटभर होतात आणि वाटेने जाणाऱ्यालाही हात धरून बसवले जाते. त्या दिवशी ‘मला भूक नाही’ म्हणणे हा अपमान असतो. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीची भाकरी आणि नेहमीचे काम.

पण हेच क्रियापद आपण दुसरीकडेही वापरतो. ‘त्याने पाच वर्षांची शिक्षा भोगली.’ ‘तिने फार हाल भोगले.’ ‘केलेले भोगावे लागते.’ ‘काय माझे भोग!’ म्हणणारी आजी सुखाविषयी बोलत नसते. म्हणजे सुखही भोगायचे आणि दुःखही भोगायचे, क्रियापद एकच. सुख कुठे संपले आणि त्याची किंमत कुठे सुरू झाली, हे ‘भोगणे’ एकटे सांगत नाही, सोबतचा शब्द सांगतो. म्हणून मराठीत एक सोय झाली. नुसते सुख सांगायचे असेल तर ‘उपभोगणे’ किंवा ‘उपभोग घेणे’ म्हणतात. कोणी ‘शिक्षा उपभोगली’ लिहिले तर आम्ही लगेच लाल रेघ ओढतो.

शेजारच्या कन्नडातही असेच आहे. ‘अनुभविसु’ हे क्रियापद सुखालाही चालते आणि दुःखालाही. ‘नीने अनुभविसु’ असे कोणी रागाने म्हणाले, तर त्याचा अर्थ ‘तूच भोग आता’ असा होतो. आपली मुले दोन्ही भाषा रोज ऐकतात. त्यांना हे लगेच पटते.

आता ‘आहारी जाणे’ शेजारी ठेवून बघा. आहार म्हणजे खाणे. भोगताना आपण खातो. आहारी जाताना खाणारा कोण आणि घास कोण? शब्दाकडे नुसते पाहिले तरी चित्र उलटे झालेले दिसते. माणूस वस्तूला भोगत होता, आता वस्तू माणसाला भोगते आहे. आमच्या मते या सगळ्या शब्दांतून एवढी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मराठीत सुखाविषयी वाक्य बोलताना ठरवावे लागते की जेवणारा कोण आणि जेवण कोण.

कल्याणच्या राजाची यादी

सुख भोगणे म्हणजे पापच, असे मुलांना शिकवावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. आणि त्याला आधार आपल्याच जिल्ह्यात आहे.

आजचे बसवकल्याण हे पूर्वी चालुक्यांची राजधानी कल्याण होते. तेथील राजा तिसरा सोमेश्वर, विक्रमादित्य सहावा याचा मुलगा, याने इ. स. ११२९ च्या सुमारास संस्कृतात एक मोठा ग्रंथ केला. त्याचे नाव ‘मानसोल्लास’, म्हणजे मनाचा आनंद. त्याचे दुसरे नाव ‘अभिलषितार्थचिंतामणि’, म्हणजे मनात येईल ते देणारा मणी. नावावरूनच विषय कळतो. इच्छा आणि त्यांची पूर्ती, यांवर राजाने स्वतः शंभर अध्याय लिहिले.

या ग्रंथाचे वीस-वीस अध्यायांचे पाच भाग आहेत. तिसऱ्या भागात राजाचे वीस उपभोग दिले आहेत. घर, स्नान, विडा, वस्त्रे, फुलांच्या माळा, दागिने, अन्न, पाणी, अंथरूण, धूप असे एकेक. अन्नाच्या प्रकरणात आजच्या इडली, डोसा, पुरी, मांडे यांचे पूर्वज सापडतात. चौथ्या भागात विनोद म्हणजे करमणुकी आहेत. कुस्ती, हत्ती-घोडे, शिकार, मासेमारी, गाणे, वाद्ये, नृत्य, कथा. पाचव्यात खेळ. आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट या ग्रंथात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. आपल्या ओवीचा हा फार जुना पुरावा मानतात.

मुलांना हे सांगितले की ती विचारतात, ‘म्हणजे राजा नुसती चैनच करत होता का?’ त्याचे उत्तर ग्रंथाच्या क्रमात आहे. उपभोग तिसऱ्या भागात आहेत. पहिला भाग राज्य कसे मिळवावे याचा, आणि त्याची सुरुवात काय काय टाळावे येथून होते. खोटे बोलणे टाळावे, दुसऱ्याचा द्रोह टाळावा, मत्सर टाळावा. मग दान, गोड बोलणे, आल्यागेल्याचा आदर. दुसरा भाग मिळवलेले राज्य स्थिर कसे करावे याचा. त्यात प्रधान, खजिना, किल्ले, सैन्य. एवढे चाळीस अध्याय झाल्यावर मग विडा आणि अत्तर. राजाने सुख नाकारले नाही, पण त्याला पहिल्या पानावरही बसवले नाही.

पुढे काही दशकांतच त्याच कल्याणात महात्मा बसवेश्वरांनी सामान्य माणसासाठी वेगळा क्रम सांगितला. आधी कायक, म्हणजे स्वतःच्या कष्टाचे काम. त्यातून जे मिळेल त्याचा दासोह, म्हणजे समाजाला वाटा. मग जे उरेल ते प्रसाद म्हणून घ्यायचे. राजाची पद्धत आणि शरणांची पद्धत यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तरी दोन्हीकडे भोगण्याआधी काहीतरी येते, हे सारखेच आहे. मानसोल्लासाच्या उपभोगांत ‘पुत्र’ हाही एक उपभोग सांगितला आहे, हे पालकांना आवडेल. लेकरांना वाढवणे, शिकवणे हेही सुखच आहे, असे त्या राजालाही वाटले होते.

ययाति : बाप उपभोगतो, भोगते कोण?

‘आहारी जाणे’ समजावण्यासाठी आम्ही वर्गात ययातीची गोष्ट सांगतो. महाभारतातल्या या राजाला शुक्राचार्यांच्या शापाने अवेळी म्हातारपण आले. सुखाची इच्छा मात्र तरुणच राहिली. त्याने एकेका मुलाकडे तारुण्य मागितले. थोरल्यांनी नकार दिला, धाकट्या पुरूने दिले. हजार वर्षे सुख भोगूनही राजाची इच्छा शमली नाही, उलट वाढत गेली, आणि शेवटी त्याने मुलाचे तारुण्य परत केले.

ही गोष्ट आपल्या दोन्ही भाषांत नव्याने लिहिली गेली, तीही जवळजवळ एकाच वेळी. मराठीत वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ साली आली, आणि पुढे त्यांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. कन्नडात गिरीश कर्नाड यांचे ‘ययाति’ हे नाटक १९६१ साली आले. कर्नाडांनाही १९९८ साली ज्ञानपीठ मिळाले. मराठीतून आणि कन्नडातून शिकलेली दोन मुले या एका गोष्टीवर बसून बोलू शकतात, हे आपल्या भागाचे भाग्य आहे.

कर्नाडांच्या नाटकात पुरूची पत्नी चित्रलेखा आहे. नवऱ्याचे तारुण्य सासऱ्याला गेले, तर या मुलीचे काय, हा प्रश्न त्यांनी तिच्या तोंडून विचारला. आमच्या विषयाला हे फार उपयोगी पडते. फळ्यावर आम्ही दोन वाक्ये लिहितो. ‘ययातीने सुख उपभोगले. त्याचे परिणाम चित्रलेखेने भोगले.’ धातू एकच, पण दोन्ही वाक्यांत माणूस वेगळा. एकाने उपभोगायचे आणि दुसऱ्याने भोगायचे, हे राजवाड्यातच होते असे नाही.

मध्यंतरी निबंधाच्या वहीत एका लेकराने लिहिले होते, ‘बाबा दारू पितात. भोगते आई.’ आम्ही त्या दोन वाक्यांत काहीही दुरुस्त केले नाही. पण वही परत देऊन मोकळे झालो नाही. त्या लेकराशी बोललो आणि त्याच्या घरच्या मोठ्यांशीही बोललो. शुद्धलेखन तपासताना कधीकधी एवढे कळते, म्हणून वह्या नीट वाचाव्या लागतात.

‘व्यसन’ या शब्दाचाही येथेच विचार करू. आज व्यसन म्हणजे दारू, तंबाखू, जुगार. पण संस्कृतात व्यसन म्हणजे संकटही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा आठवा विभाग व्यसनांवर आहे. त्यात पूर, दुष्काळ, रोगराई यांचा विचार आहे आणि त्याच विभागात राजाची शिकार, जुगार, मद्यपान यांचाही. जुन्या लोकांनी घरात शिरलेला पूर आणि घरात शिरलेली बाटली एकाच नावाखाली लिहिली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सीमेवरचे शब्द : हव्यास, हौस, चैन

आता आमची एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने सीमेपलीकडच्या एका निबंध स्पर्धेत ‘माझी ओळख’ लिहिताना वाक्य लिहिले, ‘चित्रे काढणे हा माझा हव्यास आहे.’ परीक्षकांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या. मुलगी हिरमुसली. तिचे काय चुकले होते? कन्नडात ‘हव्यास’ म्हणजे छंद. तिथल्या पुस्तकात ‘तुमचे हव्यास कोणते?’ असा प्रश्न सर्रास येतो. मराठीत मात्र हव्यास म्हणजे न संपणारी हाव. पैशाचा हव्यास, सत्तेचा हव्यास. शब्द एकच, पण एका भाषेत गुण आणि दुसरीत दोष. हे आम्ही तिला आधी सांगायला हवे होते, ते राहून गेले. आता दर वर्षी पहिल्याच महिन्यात सांगतो : मराठीत ‘छंद’ लिहा, कन्नडात ‘हव्यास’ लिहा.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. ‘हौस’ हा आपला गोड शब्द मूळचा अरबी, फारसीतून आलेला, ‘हवस’. उर्दूत हवस म्हणजे लालसा, वासना. कोणी उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याला ‘मला फार हवस आहे’ म्हणाला तर तो दचकेल. मराठीत येऊन हाच शब्द सोज्वळ झाला. हौसेने मुलीचे लग्न करतात, हौसेने गाय पाळतात, हौसेने पोरांना शाळेत घालतात. ‘हौसेला मोल नाही’ अशी म्हणही झाली.

‘चैन’ याच्या उलट चालला. हिंदी-उर्दूत चैन म्हणजे मनाची शांतता. मराठीत ‘चैन पडत नाही’ म्हणताना तो जुना अर्थ अजून टिकून आहे. पण ‘चैन करतो’ म्हटले की लगेच उधळपट्टी आठवते. शांत बसणारा माणूस आणि पैसे उडवणारा माणूस, दोघांना एकच शब्द. ‘मजा’ हाही फारसी, मूळ अर्थ चव.

आपला बीदर जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या काळात कचेरीचे काम उर्दूत चाले. आपल्या पणजोबांनी अर्ज उर्दूत लिहिले, हिशेब मोडीत ठेवले आणि बाजारात कन्नड बोलले. म्हणून आपल्या मराठीत शौक, चैन, हौस, मजा, चट असे शेजाऱ्यांचे शब्द ऐसपैस बसले आहेत. त्यांना हाकलायचे कारण नाही. पण कोणत्या घरात त्याचा अर्थ काय, हे माहीत असले पाहिजे.

कोणते क्रियापद केव्हा?

आता वापराचे नियम थोडक्यात.

१. सुख ठरवून घेतले आणि ते संपले, तर ‘हौस भागवली’, ‘मजा केली’, ‘आस्वाद घेतला’. उदाहरण : ‘येळवसेला आम्ही आंबिलीचा आस्वाद घेतला.’ येथे ‘आंबिलीच्या आहारी गेलो’ लिहू नये.

२. दुसऱ्याची इच्छा आपण पुरवली, तर ‘लाड केले’, ‘लाड पुरवले’, ‘हट्ट पुरवला’. ‘चोचले पुरवले’ म्हटले की बोलणाऱ्याला ते आवडलेले नाही, हे कळते. ‘डोक्यावर बसवले’ म्हटले तर भांडणच.

३. खर्चावर बोट ठेवायचे असेल, तर ‘चैन’, ‘चंगळ’, ‘उधळपट्टी’. कर्ज काढून केले असेल, तर ‘ऋण काढून सण’.

४. इच्छा वरचढ झाली, तर ‘आहारी जाणे’, ‘आधीन होणे’. आधी ‘च्या’ हवे : ‘जुगाराच्या आहारी’, ‘दारूच्या आधीन’. ‘जुगारात आहारी गेला’ हे चूक.

५. परिणाम सांगायचे असतील, तर ‘भोगणे’ : ‘फळ भोगले’, ‘शिक्षा भोगली’. नुसत्या सुखाला ‘उपभोग घेतला’.

येथे पालकांना एक विनंती आहे. ‘मला मोबाइलचा नाद लागलाय’ असे मूल म्हणाले, की आपण चिडतो. ‘नाद लागला म्हणे! तूच हातात घेतोस ना?’ हे काही अंशी खरे आहे, कारण त्या वाक्यात मुलाने स्वतःला चतुर्थीत लपवले आहे. म्हणून वर्गात आम्ही मुलांना तेच ‘मी’ने लिहायला लावतो : ‘मी रात्री अकरापर्यंत मोबाइल बघतो.’ एवढे लिहिले की मुलाला पुढचे वाक्य आपोआप सुचते.

पण ‘नाद लागला’ हे नेहमी निमित्तच असते असे समजू नका. काही वेळा ते खरेच दुखणे असते. ताप आलेल्याला ‘तू ताप का आणलास?’ असे आपण विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत गेमिंगच्या विकाराला जागा दिली आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळ थांबवता न येणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही सुरू ठेवणे, आणि असे साधारण वर्षभर चालणे, ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. सुट्टीत चार दिवस जास्त खेळलेला मुलगा यात बसत नाही. पण ज्याची झोप, जेवण, शाळा सुटली, त्याला रागावून भागत नाही, डॉक्टरांकडे न्यावे लागते. दारूचेही तसेच.

म्हणजे घरात बोलताना दोन प्रश्न विचारावेत. येथे माणूस अजून जेवतो आहे की तो आहार झाला आहे? जेवत असेल तर त्याला ताट बाजूला ठेवायला सांगता येते. आहार झाला असेल तर त्याला ओढून काढावे लागते, आणि ते एकट्याचे काम नाही.

भिंतीवर शेवटी काय लिहिले?

पालक सभेत एक वडील म्हणाले होते, ‘गुरुजी, पोराचे लाड आम्ही पुरवले, आता आम्हीच भोगतोय.’ लाड पुरवणे आणि भोगणे, दोन्ही क्रियापदे अचूक, आणि दोन्हींचा कर्ता ‘आम्ही’. भिंतीच्या तिन्ही वाक्यांत हे नव्हते. ती तिन्ही दुसऱ्याला सांगणारी होती : जाऊ नका, सोडा, पुरवू नका. ‘मी’ कोणाच्याच वाक्यात नव्हता.

म्हणून आम्ही विश्वस्तांना सुचवले, आणि त्यांनी ते मोठ्या मनाने मान्य केले, की भिंतीवर कायमचा सुविचार रंगवायचा नाही. तेथे काळा फळा बसवायचा. दर सोमवारी एका वर्गाने त्यावर ‘मी’ने सुरू होणारे एक वाक्य लिहायचे. महिन्यातून एक सोमवार शिक्षकांचा आणि एक पालकांचा. नाव लिहायचे नाही. पहिले वाक्य सातवीने लिहिले, ‘मी जेवताना मोबाइल बघतो, म्हणून आज भाजी कोणती होती ते आठवत नाही.’ दुसऱ्या सोमवारी शिक्षकांची पाळी होती. आम्ही लिहिले, ‘मी वर्गात मोबाइल खिशात ठेवतो, पण तो वाजला की फळ्याकडे पाठ करतो.’ मुले खूप हसली, आणि त्या दिवसापासून आम्ही तो कार्यालयात ठेवून येतो.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय :

१. पुढील वाक्यांत कर्ता ओळखा : ‘दादाला क्रिकेटचा नाद लागला.’ ‘दादा क्रिकेटच्या नादी लागला.’ दोन वाक्यांच्या अर्थांत काय फरक पडला ते आईवडिलांना समजावून सांगा.

२. ‘भोगणे’ हे क्रियापद एकदा सुखासाठी आणि एकदा दुःखासाठी वापरून दोन वाक्ये लिहा.

३. मराठीत आणि कन्नडात सारखा दिसणारा पण वेगळ्या अर्थाचा आणखी एक शब्द शोधा. आजीआजोबांना विचारलेत तर लवकर सापडेल.

४. घरातल्या प्रत्येकाने एकेक वाक्य ‘मी’ने सुरू करून लिहावे. ते शाळेत आणायची गरज नाही. आपल्या घरीच वाचावे.

येत्या भोगीला सर्वांनी पोटभर जेवावे, ही सदिच्छा.